मुलांना घेऊन पणजी : दोन दिवस, एक नदी



मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली, की बेळगावातल्या घराघरांत एकच बेत सुरू होतो : गोव्याला जायचे. आपल्याला गोवा परका नाही. सकाळी दशम्या बांधून निघाले, की जेवायच्या वेळेला समुद्र समोर. कोणाची मावशी म्हापशाला, कोणाचा काका फोंड्याला. पण घरी परतल्यावर मुलांना विचारा, "काय पाहिलेस?" उत्तर ठरलेले असते : "समुद्र." पुढे काही नाही.

आपल्या शाळेची सहलही काही वर्षे अशीच होत होती. एका दिवसात सात ठिकाणे. बसमधून उतरायचे, रांगेत उभे राहायचे, फोटो काढायचा, पुन्हा बसमध्ये. गेल्या वर्षीच्या सहलीनंतर पाचवीच्या मुलांना आम्ही निबंध लिहायला सांगितला. निम्म्याहून अधिक मुलांनी बसमधल्या भेंड्यांवर लिहिले. चूक मुलांची नव्हती, आमची होती.

त्याच सहलीत दुसरी एक गोष्ट घडली. ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी एका किनाऱ्यावर मुले गुडघाभर पाण्यात खेळत होती. सहावीतला एक मुलगा दोन पावले पुढे गेला आणि पायाखालची वाळू सरकल्यासारखे होऊन आत ओढला गेला. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली, धाव घेतली आणि मुलगा सुखरूप बाहेर आला. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम. पण त्या दोन मिनिटांत आमच्या पायातले बळ गेले. आम्ही चौघे मोठे तेथे होतो आणि चौघेही मुलांकडे पाहत होतो. पाण्याकडे कोणीच पाहत नव्हते.

त्यानंतर काही पालकांनी समुद्राची सहलच बंद करावी असे सुचवले. विश्वस्तांपुढे हा विषय आहे. सहल समितीने यावर बराच विचार केला, आमच्यापैकी काही जण मुलांना घेऊन पणजीला पुन्हा जाऊन आले, आणि आम्ही या मतावर आलो : सहल बंद करू नये, सहलीची रीत बदलावी. ती कशी, हेच या लेखात मांडत आहोत. शाळेबरोबर नव्हे तर घरच्यांबरोबर जाणाऱ्यांनाही याचा उपयोग व्हावा.

पणजीच का?

"पणजीला जायचे" म्हटले की पहिलीतली मुले हसतात. आजीच्या आईकडे? तर अशी ही पणजी मांडवी नदीच्या डाव्या तीरावर, नदी समुद्राला मिळते तिथे वसली आहे. आणि ही मांडवी कोण? आपल्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात देगावजवळ उगम पावणारी म्हादई. तीच गोव्यात पुढे गेल्यावर मांडवी म्हणवली जाते. एकूण सुमारे ऐंशी किलोमीटरांचा प्रवास; त्यातला मोठा भाग गोव्यात.

म्हणजे पणजीच्या धक्क्यावर उभे राहून जे पाणी आपण पाहतो, त्यातले काही आपल्या जंगलात पडलेल्या पावसाचे असते. हे मुलांना एकदा सांगितले, की सहलीला सूत्र मिळते. सात ठिकाणे लक्षात ठेवायला नकोत. एकच नदी, तिच्या काठाने चालायचे.

या नदीच्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात वाद आहे, हे मोठ्या वर्गातल्या मुलांना वर्तमानपत्रांतून माहीत असते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादाने निवाडा दिला : कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कोणाची बाजू खरी, हे आम्ही मुलांना सांगणार नाही. पण ज्या नदीबद्दल मोठी माणसे भांडतात, ती मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली असावी, एवढे आम्हाला वाटते.

वाटेतला पहिला धडा : कणकुंबी

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट आणि साखळी या वाटेने जावे. कणकुंबीला पाच मिनिटे नव्हे, चांगला अर्धा तास थांबावे. येथे मलप्रभेचा उगम आहे. मलप्रभा पूर्वेकडे वाहते, बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. त्याच डोंगररांगेतली म्हादई पश्चिमेकडे वळून अरबी समुद्राला मिळते.

मुलांनो, बाटलीतले थोडे पाणी हातावर घ्या आणि विचार करा. या डोंगराच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले पावसाचे दोन थेंब. एक पूर्वेच्या उतारावर गेला, एक पश्चिमेच्या. दोघांची पुन्हा गाठ नाही. भूगोलाच्या पुस्तकात यालाच जलविभाजक म्हणतात. पुस्तकात ती नुसती रेघ असते. येथे तुम्ही त्या रेघेवर उभे असता.

घाट उतरल्यावर साखळीला वाळवंटी नदी भेटते. तीही पुढे मांडवीलाच मिळते. घाटातल्या वळणांनी ज्यांना मळमळते, त्यांनी पोटभर खाऊन निघू नये. हा सल्ला दर वर्षी देतो आणि दर वर्षी कोणीतरी विसरतो.

पहिला दिवस, दुपार : विज्ञान केंद्र आणि मिरामार

पणजीत शिरताना मांडवीवरचे पूल दिसतात. मुलांना येथे एक गोष्ट जरूर सांगावी. येथला पहिला पूल १९७० साली झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्यानंतर लोकांना पुन्हा फेरीबोटींवर अवलंबून राहावे लागले. आता तेथे जे पूल आहेत, त्यांत सर्वांत नवा आणि उंच आहे तो तारांनी तोललेला अटल सेतू; तो २०१९ साली खुला झाला. पूल का पडतात आणि तारा त्याला कशा धरून ठेवतात, हे विचारणारी मुले असतील तर पुढचा मुक्काम त्यांच्यासाठीच आहे.

मिरामारला समुद्राजवळच गोवा विज्ञान केंद्र आहे. २००१ साली ते सुरू झाले. येथली उपकरणे लांबून पाहायची नसतात, हाताने चालवून पाहायची असतात. बाहेर बाग आहे. तिच्यातही खेळता खेळता विज्ञान कळेल अशी साधने मांडली आहेत. उन्हाच्या वेळी मुलांना आत ठेवायला यापेक्षा चांगली जागा पणजीत नाही. लहान भावंडांना एका उपकरणावरून दुसऱ्यावर पळू द्यावे. आठवी-नववीच्या मुलांना मात्र सांगावे की कोणतीही तीन उपकरणे निवडा आणि ती कशी चालतात ते रात्री आम्हाला समजावून द्या.

ऊन उतरले की मिरामारच्या किनाऱ्यावर जावे. किनाऱ्यालगतच भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. दयानंद बांदोडकर हे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. १२ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. गोवा मुक्त झाल्यानंतर खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा त्यांच्याच काळात उघडल्या गेल्या. मराठी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी येथे दोन मिनिटे उभे राहावे, हे योग्यच आहे.

मिरामारला नदी समुद्राला मिळते. येथे पाण्यात उतरण्यापेक्षा पाहण्यासारखे जास्त आहे. पाण्याचे दोन रंग दिसतात का, लाट कोठे फुटते, होड्या कोणत्या बाजूने आत येतात, हे वाळूत बसून पाहता येते. ओहोटीच्या वेळी नदी आणि समुद्र दोघेही पाणी बाहेर ओढत असतात, म्हणून नदीच्या मुखाशी ओढ जास्त. आमचा नियम असा : मिरामारला पाय भिजवायचे ते घोट्यापर्यंत. किल्ले बांधायचे ते मनसोक्त.

नदीत संध्याकाळी दिव्यांनी झगमगणारी मोठी जहाजे दिसतात. ती कॅसिनोची आहेत. मुले विचारतात. "ती पैसे लावून खेळण्याची जागा आहे, मुलांसाठी नाही" एवढे सरळ उत्तर पुरते. लपवाछपवी केली की कुतूहल वाढते.

भरती-ओहोटीचे गणित

दुसऱ्या दिवसाकडे जाण्यापूर्वी हे गणित शिकून घेऊ, कारण दुसरा दिवस त्यावरच आखायचा आहे.

कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ घड्याळाशिवाय कळत असे. त्यांचा आडाखा सोपा आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजची तिथी पाहा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन; पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचे.

हे का जुळते? भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते आणि चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते. आपली तिथी चंद्रावरच मोजलेली असल्याने तिच्यातून वेळ निघते. हा अंदाज आहे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे. पण पाचवीच्या मुलाने स्वतः गुणाकार करून वेळ काढली आणि पाणी खरोखर त्या सुमारास चढले, की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहण्यासारखे असते.

आणखी एक गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, त्यामुळे पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकींना आडवी जाते. चढ-उतार कमी होतो. त्याला भांग म्हणतात. चढ-उतार कमी, म्हणून पाण्याची ये-जाही त्या मानाने संथ. याच कारणाने आम्ही सुचवतो की मुलांची सहल अष्टमीच्या आसपास ठेवावी. दुपारच्या सुमारास ओहोटी मिळते आणि संध्याकाळी पाणी भरून स्थिर होते. पौर्णिमेचा चंद्र चुकतो खरा. तो आपण शाळेच्या मैदानावर पाहू.

दुसरा दिवस, सकाळ : रायबंदर ते चोडण

न्याहरी करून पणजीहून रायबंदरकडे निघावे. वाटेत जो लांबलचक बांधावरचा रस्ता लागतो, तो पोर्तुगिजांनी १६३३-३४ च्या सुमारास बांधला. सुमारे तीन किलोमीटरांचा हा रस्ता जवळजवळ चारशे वर्षे वापरात आहे. आजूबाजूला मिठागरे आणि खाजण जमीन. खाजण म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. बांधाला दारे असतात, भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जायचे. पलीकडे उतरल्यावर जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली ते घोषित झाले. क्षेत्र पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुलांना झेपेल एवढे. वनखात्याचे तिकीट काढून आत शिरले, की दोन्ही बाजूंना कांदळवन आणि मधून पायवाट.

येथे वाघ-सिंह नाहीत. सुरुवातीला मुले कुरकुरतात. त्यांना खाली पाहायला सांगावे. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलातून हजारो काड्या वर आलेल्या दिसतात. त्या काड्या नव्हेत, झाडांची मुळे आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून तिवरासारखी झाडे मुळे वर काढून श्वास घेतात. त्याच चिखलावर निवटी नावाचे मासे उड्या मारताना दिसतात. पाण्याबाहेर, कल्ल्यांत पाणी धरून, पुढच्या पंखांवर सरपटणारा मासा! आमच्याबरोबरची एक मुलगी पाऊण तास तिथून हलली नाही. एका नांगीने मोठा असलेला छोटा खेकडा ती नांगी हलवून दुसऱ्याला बोलावतो की धमकावतो, यावर दोन मुलांचे भांडण झाले. (नर मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला धमकावतोही, दोघेही बरोबर होते.)

खंड्या, बगळे, घारी येथे सहज दिसतात. हिवाळ्यात बाहेरून येणारे पक्षीही असतात. शांत राहिले तर जास्त दिसतील. चाळीस मुले एकदम नेली तर एकही दिसणार नाही. म्हणून दहा-दहांचे गट करावेत. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तेव्हा या भागात हौसेने पाण्यात पाय सोडून बसू नये.

कांदळवन हे नुसते पाहण्याचे ठिकाण नाही. माशांची पिल्ले येथे वाढतात. लाटांचा जोर येथे मोडतो. वरून वाहत येणारा गाळ येथे अडतो. त्या गाळात आपल्या खानापूरची मातीही असेल. मुलांना हे समजले की कणकुंबीच्या डोंगराचा आणि या चिखलाचा संबंध त्यांचा तेच जोडतात.

दुसरा दिवस, दुपार : बेती आणि रेईश मागूश

दुपारी पणजीत जेवून फेरीबोटीने बेतीला जावे. पणजीच्या धक्क्यावरून निघून नदी ओलांडायला काही मिनिटे लागतात. मुलांसाठी ही सहलीतली सर्वांत आवडती मिनिटे असतात, हे आम्ही पैजेवर सांगतो.

बेतीला उतरताना एक नाव मुलांना सांगावे : मोहन रानडे. मूळचे सांगलीचे. मराठी शाळेतले शिक्षक म्हणून ते गोव्यात राहिले आणि आझाद गोमंतक दलाच्या लढ्यात उतरले. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके आणि इतर अनेकांनी खटपट केली. १९६९ साली ते सुटले. त्या वेळी आपले बेळगावही गोव्याच्या सत्याग्रहींचे एक ठाणे होते. घरात आजोबा-पणजोबा असतील तर मुलांनी त्यांना याबद्दल जरूर विचारावे.

बेतीहून थोड्या अंतरावर नदीकाठच्या टेकडीवर रेईश मागूशचा किल्ला आहे. १५५१ साली बांधायला घेतलेला हा किल्ला १७०७ मध्ये पुन्हा उभारला गेला. १७३९ साली सावंतवाडीच्या भोसल्यांनी बार्देश प्रांत घेतला, पण हा किल्ला आणि आग्वाद हे दोन त्यांच्या हाती लागले नाहीत. पुढे येथे तुरुंग होता. १९९३ पर्यंत कैदी होते. नंतर पडझड झाली. डागडुजी करून २०१२ साली तो लोकांसाठी खुला केला गेला. डागडुजी कशी झाली, आधी काय अवस्था होती, याची छायाचित्रे आत पाहता येतात.

लहान मुलांना इतिहासाच्या तारखा नको असतात. त्यांच्यासाठी येथे मारियो मिरांडांची चित्रे आहेत. गोव्याच्या गावातली माणसे, बाजार, कुत्री, बस, लग्नाची वरात. एकेका चित्रात शंभर गमती. "या चित्रात मांजर कोठे आहे?" असे विचारून मुलांना अर्धा तास गुंतवून ठेवता येते. मोठ्यांनी तोवर तटावरून समोर पाहावे. समोर पणजी, उजवीकडे समुद्र, डावीकडे नदी आत वळत गेलेली. दोन दिवसांत जे पाहिले ते येथून एका नजरेत दिसते. मुलांना येथेच बसवून वहीत नदीचा नकाशा काढायला लावावा : कणकुंबीचा डोंगर, चोडण, पणजी, समुद्र. आम्ही तसे केले. आठ वर्षांच्या एका मुलाने नकाशात आपले घरही काढले.

पाऊस आला तर

पावसामुळे बेत बिघडला तर पाटो येथे बसस्थानकाजवळच कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. ही संस्था १८३२ पासूनची, भारतातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. ज्यांचे नाव तिला दिले आहे त्या कृष्णदास शामांनी १५२६ साली 'श्रीकृष्णचरित्रकथा' लिहायला घेतली. मुलांसाठी येथे स्वतंत्र विभाग आहे. तासभर पुस्तके चाळून ओली मुले वाळतात आणि शांतही होतात.

शहरात, जुन्या सचिवालयाच्या शेजारी, आबे फारिया यांचा पुतळाही दाखवावा. खाली पडणाऱ्या बाईवर हात पसरलेला हा माणूस पाहून मुले आधी घाबरतात. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले हे धर्मगुरू संमोहनशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक. हात पसरले आहेत ते झोपवण्यासाठी, मारण्यासाठी नव्हे, हे सांगितले की भीती जाते आणि बसमध्ये एकमेकांना "झोपवण्याचा" खेळ सुरू होतो.

जुने गोवे, आग्वाद आणि दोना पावला आम्ही मुद्दाम वगळले आहेत. ती ठिकाणे चांगली आहेत, पण दुसऱ्या खेपेसाठी. ताट भरून वाढले म्हणजे जेवण अंगी लागतेच असे नाही.

समुद्राचे नियम

आता ज्या कारणाने हा लेख लिहावा लागला त्याकडे येतो. हा भाग पालकांनी मुलांबरोबर बसून वाचावा.

लाटा पाणी किनाऱ्याकडे आणतात. ते पाणी परत जायला वाट शोधते. वाळूत जेथे खोलगट घळ असते, तेथून ते एकवटून वेगाने आत जाते. या घळीवर लाटा फुटत नाहीत, म्हणून वरून पाणी शांत दिसते. नवख्या माणसाला वाटते, येथे लाटा नाहीत, येथेच उतरावे. नेमके तेथेच ओढ असते. आमचा मुलगा अशाच "शांत" जागी गेला होता.

म्हणून :

१. गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक असतात. किनाऱ्यावर पोहोचताच आधी त्यांना भेटावे आणि आज कोठे उतरावे ते विचारावे. मुलांच्या देखत विचारावे.

२. लाल बावटा असेल तर पाण्यात पाय नाही. वर लाल, खाली पिवळा अशा दोन बावट्यांमधली जागा पोहण्यासाठी राखलेली असते. तिच्याबाहेर जाऊ नये.

३. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरूच नये. सूर्यास्तानंतरही नाही.

४. लहानांना घोट्यापर्यंत, मोठ्यांना गुडघ्यापर्यंत. पोहता येते म्हणून सूट नाही. विहिरीत आणि तलावात शिकलेले पोहणे समुद्रात पुरत नाही.

५. ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने सरळ झगडू नका. दम जातो. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा, ओरडा. जमले तर किनाऱ्याला समांतर, आडवे सरका. ओढीची घळ बहुधा अरुंद असते.

६. दुसरा कोणी ओढला गेला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. जीवरक्षकाला हाक मारा, आणि तरंगणारे जे हाताशी असेल ते, चेंडू, रिकामा बंद डबा, त्याच्याकडे फेका. वाचवायला गेलेला बुडाला, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

७. मुले पाण्याजवळ असताना निदान एका मोठ्या माणसाने पाण्याकडे तोंड करून उभे राहावे. त्याच्या हातात मोबाइल नसावा, चहा नसावा, गप्पा नसाव्यात. हे काम वीस मिनिटांनी दुसऱ्याकडे द्यावे आणि तोंडाने सांगून द्यावे : "आता तू." आम्ही चौघांनी मिळून जी चूक केली, ती हीच होती.

विश्वस्तांना विनंती

सहल समितीच्या वतीने आम्ही तीन गोष्टी सुचवत आहोत. सहल दोन दिवसांची आणि चार ठिकाणांची असावी. प्रत्येक आठ मुलांमागे एक मोठे माणूस असावे. त्यासाठी पालकांनीही यावे. आणि निघण्यापूर्वीच्या आठवड्यात एक तास समुद्राच्या नियमांसाठी ठेवावा, ज्याला हजर नसलेल्या मुलाला किनाऱ्यावर उतरू देऊ नये. बसचा आणि मुक्कामाचा खर्च वाढेल. तो कसा भागवायचा, यावर पालक सभेत बोलू.

ज्या मुलाची गोष्ट वर सांगितली, त्याच्या आईवडिलांची परवानगी घेऊनच ती लिहिली आहे. त्याचे नाव लिहिलेले नाही. आमच्यापैकी काही जण पुन्हा पणजीला गेले, तेव्हा तोही आईबाबांबरोबर आला होता. मिरामारला तो बराच वेळ वाळूत बसून राहिला. मग उठून जीवरक्षकाकडे गेला आणि त्याने विचारले, "काका, आज ओढ कुठे आहे?" काकांनी हात करून दाखवले. त्याने परत येऊन आम्हा सगळ्यांना ती जागा दाखवली, आणि मग घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन उभा राहिला.

घरी नेण्यासाठी काजू घ्या, बेळगावचा कुंदा गोव्याच्या पाहुण्यांना द्या, आणि तिथी पाहून निघा.

— सहल समिती (शिक्षक व पालक)